माझं कुलूप आणि कुसुमची फिरती

माझ्या बायकोला मी सव्वीस दिवस घरात कोंडून ठेवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते या गोष्टीला वळसा घालून सांगता येणार नाही. आजारी माणसाला घरी सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांची दवाखान्यात महिन्यातून एकदा बैठक असते. तिथे मी हे पहिल्यांदा बोललो तेव्हा समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी माना खाली घातल्या. बाहेर पडताना एक गृहस्थ माझ्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मी अजूनही कुलूप लावतो." हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

मी दत्तात्रय. सातपूरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. माझी बायको कुसुम आरोग्य खात्यात नर्सबाई होती. सायखेड्याच्या आसपासच्या गावांत तिची सगळी नोकरी झाली. घरोघरी जायचं, गरोदर बायकांची नोंद ठेवायची, बाळांना डोस द्यायचे, अडल्या वेळी बाळंतपण करायचं. या गावोगाव जाण्याला त्यांच्या खात्यात 'फिरती' म्हणतात. सायखेडा तिचं माहेरही, त्यामुळे सिडकोत इतकी वर्षं राहूनही तिची बोली तिकडचीच राहिली. आम्हाला एकच मुलगी, वैशाली. ती लग्न होऊन पुण्यात असते.

बुधवार

आजार नेमका कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. विसरायला सगळेच विसरतात. कुसुम आमटीत दोनदा मीठ घालायला लागली, ओळखीच्या बायकांना नावानं हाक मारायची टाळून नुसतं 'अहो बाई' म्हणायला लागली, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. तीही हसली. ती बरंच काही झाकत होती हे मला फार उशिरा कळलं. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं तिनं एक कागद चिकटवला होता. त्यावर जावयाचं नाव, नातीचं नाव, आमचा पत्ता आणि चहाला किती पाणी, किती साखर हे सगळं तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मला तो सापडला तेव्हा त्याचे कोपरे पिवळे पडले होते. म्हणजे किती महिने ती एकटीच या दुखण्याशी झगडत होती, आणि मी त्याच घरात पेपर वाचत बसलो होतो.

मग एका बुधवारी ती सकाळीच नोकरीतली पांढरी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून दारात उभी राहिली. निवृत्त होऊन तिला अकरा वर्षं झाली होती. कुठे निघालीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, आज लसीकरण हाय ना.

मी म्हणालो, "अगं, तू रिटायर झालीस."

तिचा चेहरा असा उतरला की जणू ही बातमी मी तिला पहिल्यांदाच देत होतो. पुढच्या दिवसांत मी तिला ती किती वेळा दिली असेल याचा हिशेब नाही. दर खेपेला तिला ती नवी असायची आणि दर खेपेला तेवढीच लागायची. खरं ते सांगणं आपलं काम आहे, असं मला वाटायचं. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, की आपल्या माणसाला रोज नोकरीवरून काढू नका. आज कोणत्या गावाला जायचंय एवढं विचारा. कुसुम सांगत बसते, आणि सांगता सांगता निघायची घाई कमी होते.

घड्याळ

वैशाली पुण्याहून आली आणि आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, मेंदूचा स्कॅन काढला, आणि मग डॉक्टरांनी कुसुमला समोर बसवून प्रश्न विचारले. साल कोणतं, महिना कोणता. तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले. तिला एकही आठवला नाही. त्याऐवजी तिनंच डॉक्टरांना विचारलं, घरी लहान मूल आहे का आणि त्याचे डोस पुरे झालेत का. डॉक्टर तरुण होते. एक डोस लांबलाय, असं त्यांनी कबूल केलं. त्यावर तिनं त्यांना असं काही सुनावलं की आम्ही सगळे हसलो. मला क्षणभर वाटलं, हिला काही झालेलं नाही.

मग त्यांनी कागद पुढे केला आणि घड्याळ काढायला सांगितलं. गोल तिनं एका दमात काढला, सुरेख. आत आकडे लिहायला लागली. एकापासून बारापर्यंत सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसले आणि डावी बाजू कोरी राहिली. लिहून झाल्यावर तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काहीतरी चुकलंय हे तिला कळत होतं. काय चुकलंय ते कळत नव्हतं. त्या नजरेइतकं मला त्या दिवसातलं दुसरं काही लख्ख आठवत नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळून बोलायला लागले, तेव्हा तिनं त्यांना थांबवलं. "डॉक्टर, पेशंट मी हाय. मला सांगा."

त्यांचं कौतुक वाटतं, की त्यांनी खुर्ची तिच्याकडे फिरवली आणि साध्या शब्दांत तिलाच सांगितलं. स्मृतिभ्रंश आहे, अल्झायमरचा प्रकार दिसतो. गोळ्यांनी तो जाणार नाही, पण काही काळ सावरायला मदत होईल. स्वतःच्या हातानं जे जे जमतंय ते करत राहायचं, सोडायचं नाही. वरिष्ठांच्या सूचना ऐकताना डोलवायची तशी तिनं मान डोलावली.

रिक्षात ती आमच्या दोघांच्या मधे बसली होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "माझं मला न्हाता येतंय तोवर मला कुणी न्हाऊ घालायचं नाय. एवढं ध्यानात ठेवा." वैशालीनं तोंड बाहेर वळवलं. मी "बरं" म्हणालो.

सहा तास

त्यानंतरचे काही महिने बरे गेले. गोळ्या सुरू होत्या. कुसुम भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायची, संध्याकाळी आम्ही दोघं कॉलनीत एक चक्कर मारायचो. आजाराचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. लोक वेडी म्हणतील ही भीती होती, आणि खरं सांगायचं तर लाजही होती.

एक दिवस मी गच्चीवर टाकीचा वॉल्व्ह बदलत होतो. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. खाली आलो तर दार उघडं आणि खुंटीवरची पर्स नाही.

पहिल्यांदा गल्ल्या धुंडाळल्या. मग दोन दारं सोडून राहणाऱ्या रेहानाभाभींना विचारलं. त्यांचे यजमान सलीमभाई गाद्या भरायचा व्यवसाय करतात. हातातलं काम टाकून ते स्कूटरवरून शोधायला निघाले. मी पोलीस चौकीत जाऊन फोटो दिला. वैशालीचा दर दहा मिनिटांनी फोन येत होता आणि माझ्याकडे तिला सांगायला काही नव्हतं.

दुपार टळली तशी माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट यायला लागली. मी कुणालाही न सांगता रिक्षा केली आणि गंगेवर गेलो; आमच्याकडे नदीला गंगाच म्हणतात. घाटाच्या पायऱ्यांवर उभा राहून पाण्याकडे बघत राहिलो. बायका धुणं धूत होत्या, कोणी दिवे सोडत होतं, आणि मी पाण्यात पांढरी साडी शोधत होतो. वैशालीला हे मी आजवर सांगितलेलं नाही. ती इथेच वाचेल.

तिथून निमाणीचा बसस्टँड जवळ आहे. सायखेड्याच्या गाड्या तिथूनच सुटतात हे आठवलं आणि मी तिकडे वळलो. ती एका बाकावर ताठ बसली होती, पर्स मांडीवर, एका पायात चप्पल नव्हती. घर सोडून तिला सहा तास झाले होते. स्टँडवरच्या एका कंट्रोलरना शंका आली होती. त्यांनी तिला चहा पाजला होता आणि नजर ठेवली होती. मला बघून ती एवढंच म्हणाली, "गाडी आलीच नाय हो. बाळंतीण वाट बघत आसंल." तिच्या तळपायात काच रुतली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

कुलूप

त्या संध्याकाळी वैशालीनं फोनवर सरळ सांगितलं, बाबा, दाराला कुलूप लावा, नाहीतर मी आईला इकडे घेऊन येते. पुण्यात ती सातव्या मजल्यावर राहते. मला कुलपाचं पटलं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. काहीतरी करता येण्यासारखं होतं आणि ते माझ्या हातचं होतं.

मी लोखंडी पट्टी कापली, भोकं पाडली आणि दाराला बाहेरून असा अडसर बसवला की दहा माणसांनी ढकलला तरी हलू नये. आतून वरच्या बाजूला तिच्या हाताला लागणार नाही अशी दुसरी कडी. काम फार सुबक झालं होतं. मी दोन पावलं मागे जाऊन ते बघितलं होतं, हेही आठवतं.

पहिले दोन-तीन दिवस ती दार ओढून बघायची आणि परत यायची. नंतर खिडकीशी उभी राहायला लागली. गज धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारायची, अहो, जरा दार उघडता का, माझी फिरती राहिलीय. लोक मान वळवून निघून जायचे. मी आत बसून ते ऐकायचो. मग तिनं वेणी घालणं सोडलं. जेवताना घास तोंडात धरून बसायला लागली. अंथरूण ओलं व्हायला लागलं, जे आधी कधी झालं नव्हतं. मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं की आजार वाढलाय. कुलपाचं सांगितलं नाही.

एकदा तिनं मला मारलं. मी कडी लावत होतो आणि तिनं मागून पाठीत गुद्दा घातला. चाळीस वर्षांच्या संसारात आमच्यात हात उचलण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. मी वळलो तर ती रडत होती. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "मी काय केलंय ते तरी सांगा."

कडी मी काढली नाही.

सव्विसाव्या दिवशी तिच्या गोळ्या संपल्या म्हणून मी औषधांच्या दुकानात गेलो. बाहेरून कुलूप, किल्ली खिशात. दुकानात गर्दी होती. तेवढ्या वेळात आमच्या जुन्या फ्रिजच्या मागे वायर जळायला लागली. ती वायर बदलायची म्हणून मीच दोन महिने टाळत होतो.

रेहानाभाभींना खिडकीतून धूर दिसला. त्यांनी सलीमभाईंना हाक मारली. सलीमभाईंनी आधी बाहेरचा मेन स्विच पाडला, मग पहार आणून दाराला लागले. माझा अडसर निघेना. ते नंतर मला म्हणाले, भाऊ, इतकं मजबूत कशाला बनवलं. मी गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा त्यांचे घाव ऐकू येत होते. धावत जाऊन खिशातून किल्ली काढली. सलीमभाईंनी माझ्या हातातून ती घेतली आणि दार उघडलं.

कुसुम मोरीत सापडली. ओला टॉवेल नाकातोंडावर धरून जमिनीलगत बसली होती. स्वतःच्या मुलीचं नाव विसरणाऱ्या बाईला धुरात काय करायचं ते आठवलं होतं.

कारखान्यात नवीन पोरं आली की त्यांना पहिला धडा मी द्यायचो. काहीही होवो, बाहेर पडायच्या दारासमोर साधी पेटी ठेवायची नाही, आणि ते दार बंद तर कधीच करायचं नाही. बत्तीस वर्षं मी हे बोललो होतो.

वॉर्डातली सिस्टर

तिला तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. ऑक्सिजन, सलाइन, दर काही तासांनी तपासणी. मला वाटलं होतं, अनोळखी जागेत ती बिथरेल. झालं उलटंच. दवाखान्याचा वास, ट्रॉलीचा आवाज, सिस्टरांची लगबग हे सगळं तिच्या ओळखीचं होतं. दुसऱ्या दिवशी सलाइन निघाल्यावर ती उठली आणि शेजारच्या रिकाम्या पलंगाची चादर ओढून बसवायला लागली. कोपरे असे दुमडले की एक सुरकुती नाही.

वॉर्डातल्या सिस्टर आधी ओरडल्या. मग त्या कोपऱ्यांकडे बघून थांबल्या आणि विचारलं, तुम्ही आमच्यातल्या का? कुसुम म्हणाली, हो. दुपारी त्यांनी तिच्यापुढे कापसाचा ढीग आणून ठेवला आणि बोळे करायला सांगितले. त्या दिवशी कुसुम पोटभर जेवली. रात्री शांत झोपली, आणि अंथरूण कोरडं होतं.

जाताना त्या सिस्टर मला म्हणाल्या, "काका, त्यांना जपा. पण जपता जपता त्यांचं सगळं काढून घेऊ नका."

वैशाली पहिल्याच दिवशी धावत आली होती. व्हरांड्यात तिनं मला विचारलं, कुलूप लावून तुम्ही बाहेर कसे गेलात? मी म्हणालो, तूच सांगितलंस ना. दोघांनाही एकमेकांवर ओरडायचं होतं आणि दोघांनाही ते जमलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाबा, मला तिकडे झोप लागत नव्हती. आई रस्त्यावर आहे असंच दिसायचं. कुलूप तुमच्या दाराला लागलं आणि मी झोपले." मी तिला जवळ घेतलं. कुलूप आम्ही आमच्या भीतीसाठी लावलं होतं. दोघांनाही ते तिथे कळलं.

दारोदार

घरी आल्यावर अडसर कापून काढला. पण दार नुसतं उघडं टाकूनही भागणार नव्हतं. काच रुतलेला तो पाय मी विसरलो नव्हतो.

यंत्रावर काम करताना बोटं तुटू नयेत म्हणून यंत्राला गार्ड बसवतात. यंत्र बंद करून ठेवत नाहीत. मी तसा विचार करायला लागलो. घरातली सगळी वायरिंग बदलली. गॅसचा मुख्य कॉक स्वयंपाकाच्या ओट्याखाली आत घेतला आणि तिच्या चहासाठी आपोआप बंद होणारी विजेची किटली आणली. चहा कधी गोड, कधी बिनपत्तीचा होतो, पण तो तिचा असतो. मोरीत धरायला पाइपाचे दांडे बसवले आणि आतली कडी काढली. ती स्वतःच्या हातानं आंघोळ करते. मी बाहेर स्टूल टाकून बसतो आणि गप्पा मारतो, मधेच पाठीला साबण लावलास का म्हणून विचारतो. कधी ती दोनदा साबण लावते, कधी लावतच नाही. त्यानं काही बिघडत नाही.

राहिली फिरती. सकाळी नऊ वाजले की ती निघायला बघायचीच. गळ्यात पत्त्याची पट्टी घालायला तिनं साफ नकार दिला. मी काय हरवलेलं जनावर हाय का, असं विचारलं. मग मला तिचं खात्याचं जुनं ओळखपत्र सापडलं. त्याच्या मागे मी माझा आणि रेहानाभाभींचा फोन नंबर लिहिला. ते मात्र तिनं लगेच गळ्यात घातलं आणि आरशात बघून सरळ केलं.

सगळ्यात अवघड काम पुढचं होतं. मला घरोघरी जाऊन सांगावं लागलं, की माझ्या बायकोला हा आजार आहे, ती रोज या तीन गल्ल्यांतून फिरेल, तुमच्या दारात उभी राहिली तर दोन शब्द बोला, आणि मोठ्या रस्त्याकडे वळली तर मला फोन करा. दळणाच्या गिरणीवाल्यांनी मला आत बोलावून पाणी दिलं आणि सांगितलं, आमच्या आईलाही हेच होतं, फक्त तेव्हा आम्ही त्याला बाहेरची बाधा समजलो. शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, बाईंना माझ्याकडे बसवत जा, मी काजं-बटणं देईन. सगळेच असे नव्हते. एका घरात तान्हं बाळ होतं. त्यांनी हात जोडून सांगितलं की आमच्याकडे नको, आम्हाला भीती वाटते. मला वाईट वाटलं, पण त्यांचंही चुकीचं नव्हतं. ते घर मी फिरतीतून वगळलं.

पहिल्या आठवड्यात मी वीस पावलं मागून चालत असे. एकदा ती गर्रकन वळली आणि माझ्या समोर येऊन उभी राहिली. "तुम्हाला साहेबांनी माझ्या मागं लावलंय का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो आणि घरी आलो. घराबाहेरच्या ओट्यावर बसून वाट बघितली. पाऊण तासानं ती आली, हातात कुणीतरी दिलेली कोथिंबिरीची जुडी होती. वेणीत फूल होतं. बाळंतीण बरी हाय, एवढं सांगून आत गेली.

हात कुणाचा

हे सगळं सुरळीत चाललं असतं तर सांगायला सोपं होतं. चौथ्या महिन्यात ती गिरणीजवळ रस्त्यातल्या उंचवट्याला अडखळून पडली आणि उजवं मनगट मोडलं.

वैशाली आली ती आईची बॅग भरायच्या तयारीनंच. फिरती बंद करा, किंवा आईला चांगल्या संस्थेत ठेवूया, तिथे चोवीस तास माणसं असतात, असं तिचं म्हणणं. तिनं एक-दोन ठिकाणं बघूनही ठेवली होती. मी तिला दोष देत नाही. अशा संस्थांत आईवडिलांना ठेवणारी आणि रोज भेटायला जाणारी मुलं मला बैठकीत भेटतात, आणि काही घरांना तोच मार्ग असतो. मीही डळमळलो होतो. कुसुमचा प्लास्टरमधला हात बघितला की वाटायचं, हे माझ्या हट्टामुळे झालं.

आम्ही स्वयंपाकघरात बोलत होतो आणि कुसुम बाहेरच्या खोलीत बसली होती. तिला कळणार नाही असं धरून आम्ही आवाज कमी केला नव्हता. ती उठून दारात आली. तिला आमच्या बोलण्यातलं किती समजलं होतं, कोण जाणे.

"पडले कोण? मी," ती म्हणाली. "हात माझा मोडला. तुमचं काय दुखतंय?"

वैशाली आधी हसली आणि मग रडायला लागली. कुसुमनं डाव्या हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, तू कुणाची गं?

वैशालीनं आईची भरायला घेतलेली बॅग रिकामी केली. जाण्याआधी ती महापालिकेच्या माणसाला भेटून त्या उंचवट्याचं बोलून आली. तो सपाट झाला नाही, पण गिरणीवाल्यांनीच तिथे पिवळा रंग फासला. सहा आठवडे कुसुम प्लास्टर घालून फिरली. गिरणीपाशी तिला हात देऊन पलीकडे न्यायला कुणी ना कुणी बाहेर यायचं.

आता

आजार थांबलेला नाही. तीन गल्ल्यांची फिरती दोन गल्ल्यांवर आली, मग एकीवर. आता ती रेहानाभाभींच्या घरापर्यंत जाते, मधे फक्त दोन दारं आहेत. बोलणं तुटक झालंय. माझं नाव गेलं, मग मी कोण तेही गेलं. काही दिवशी ती मला घरातला मिस्त्री समजते, आणि ते फारसं चूक नाही.

चिडायचे दिवस माझेही येतात. परवा तिनं तिसऱ्यांदा ताट ढकललं तेव्हा मी ओरडलो आणि नंतर गच्चीवर जाऊन बसलो. रेहानाभाभी अशा वेळी तिला तासभर नेतात आणि मला झोपायला सांगतात. ही मदत घ्यायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही एवढी लावू नका.

गेल्या आठवड्यात रेहानाभाभींची मुलगी शबनम बाळंत होऊन माहेरी आली. बारा दिवसांचं बाळ सकाळपासून रडत होतं, दूध नीट ओढत नव्हतं. कुसुम नेमकी त्याच वेळी तिथे पोचली आणि रडणं ऐकून थेट आतल्या खोलीत गेली. मी ओट्यावरून धावत मागे गेलो. तिच्या हाताची पकड आता भरवशाची राहिलेली नाही. मी भाभींना म्हणालो, बाळ तिच्याकडे देऊ नका.

भाभींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग सलीमभाईंच्या कारखान्यातली जाड गादी जमिनीवर अंथरली, कुसुमला भिंतीला टेकवून बसवलं, शबनमला तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसवलं आणि स्वतः खाली हात धरून बाळ त्या दोघींच्या मांडीवर ठेवलं. कुसुमनं बाळाला घेतलं नाहीच. तिनं शबनमचा हात धरला, बाळाच्या मानेखाली नीट सरकवला, बाळाचं अंग आईकडे वळवलं आणि त्याची हनुवटी बोटानं जराशी खाली केली. रडणं थांबलं. खोलीत फक्त दूध ओढल्याचा बारीक आवाज यायला लागला.

मी दारातच उभा होतो. कुसुमनं मान वर केली आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

"तुम्ही नवरा का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मग बाहेर बसा. घाबरू नका. मी हाय हितं."

मी बाहेर आलो आणि पायरीवर बसलो.